अनुभव धागा : जुनी पिकअप घेताना तुम्ही काय पाहिलेत आणि काय पाहायचे राहून गेले?

शिवारफेरी (जुन्नर तालुका), धागा सुरू करताना

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भागात जुन्या पिकअपचे व्यवहार वाढतात, आणि गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी मला ‘गाडी पाहायला चला’ म्हणून बोलावले. मी मेकॅनिक नाही. एकदा फसलेला आणि त्यातून थोडेफार शिकलेला शेतकरी आहे. बोलेरो पिकअप असो, छोटा हत्ती (टाटा एस) असो किंवा अशोक लेलँडची दोस्त, जुनी मालवाहू गाडी घेताना आपण काय तपासले, काय राहून गेले आणि ते पुढे कसे भोवले, ते प्रत्येकाने सविस्तर लिहावे. दलालाचे, वित्तसंस्थेचे किंवा गॅरेजचे नाव मात्र लिहू नये. कोणत्या कंपनीची गाडी चांगली हा वादही इथे नको, तो पारावर रोज होतोच.

सुरुवात माझ्यापासून करतो. २०२२ साली मी २०१८ ची, १.७ टन पासिंगची (म्हणजे तेवढाच माल भरायची परवानगी असलेली) बोलेरो पिकअप घेतली. गाडी नुकतीच रंगवलेली होती, सीटना नवी कव्हरे होती आणि मीटरवर ७८ हजार किलोमीटर दिसत होते. मालक टोमॅटो वाहणारा आणि बोलायला मोकळा होता. गाडीचे कौतुक करताना तो म्हणाला, ‘दीडशे कॅरेट भरून घाट चढते, हूं की चूं करत नाही.’ ते ऐकून मी खूश झालो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट २० किलोचे असते, म्हणजे दीडशे कॅरेटचे ३ टन झाले, हा हिशोब मी केला तो गाडी घरी आणल्यावर.

पहिल्याच हंगामात गाडी मागून डावीकडे कलू लागली. ती खड्ड्यावर घेऊन खालून पाहिली तेव्हा डाव्या बाजूच्या पाट्यांत (गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांत) एक पाटा बाकीच्यांपेक्षा जाड आणि नवा दिसला, आणि पाटे जिथे अडकवलेले असतात त्या हँगरच्या पुढे हातभर अंतरावर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, गेलेला तडा वेल्डिंग करून वर काळा रंग मारलेला आढळला. रंग इतका सफाईने दिला होता की वेल्डिंगची रेघ डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला मात्र लागत होती. तेव्हापासून मी विक्रेत्याला किलोमीटर विचारत नाही. गाडीने काय वाहिले, किती भरून वाहिले आणि कोणत्या रस्त्याने वाहिले, हे विचारतो आणि त्याच्या उत्तराचा हिशोब तिथेच उभ्या उभ्या करतो.

बंदरवाट (रत्नागिरी)

‘काय वाहिले’ या प्रश्नाला कोकणातून एक पुरवणी जोडतो. मी घेतलेला छोटा हत्ती ‘फक्त आंब्याच्या पेट्या वाहिलेला’ म्हणून मला विकण्यात आला. आंबा वर्षातून दोन-अडीच महिने असतो, उरलेले नऊ महिने गाडी काय करत होती, हे विचारायला मला सुचले नाही. पहिला पाऊस पडला आणि हौद्याच्या फळ्या भिजल्या, तेव्हा घरातल्या सर्वांना एकाच वेळी उत्तर मिळाले. गाडी मासळीची होती.

मासळीच्या गाडीत प्रश्न वासाचा नसतो. बर्फ वितळून निघालेले खारे पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे चेसीवर, ब्रेकच्या पाइपांवर आणि वायरिंगवर ठिबकत राहते, आणि वरून रंगवलेली गाडी खालून कुजत जाते. माझ्या गाडीत चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलून मी स्क्रूड्रायव्हर सहज टेकवला, तर तो पत्र्यातून आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला. मागच्या ब्रेकचा पाइप बदलताना तो मेकॅनिकच्या हातातच तुटला. तो रस्त्यावर, उतारावर तुटला असता तर काय झाले असते, हे मला आजही आठवावेसे वाटत नाही. किनारपट्टीची गाडी घेणार असाल तर मॅट उचला, फाळक्याच्या बिजागऱ्या पाहा, आणि चेसीवर लहान हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोकून पाहा. धडधाकट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द येतो.

चौदाचा पाना (सांगली)

मी बावीस वर्षे डिझेल गाड्यांचे काम करतो, म्हणून थोडे इंजिनाविषयी लिहितो. लोक मला गाडी पाहायला नेतात ती बहुधा दुपारी, मालकाला आधी फोन करून. त्यामुळे आम्ही पोहोचतो तेव्हा गाडी गरम करून ठेवलेली असते, आणि गरम इंजिन पुष्कळ दोष पोटात घालते. शक्य असेल तर सकाळी लवकर जावे आणि किल्ली फिरवण्याआधी इंजिनाला हात लावून पाहावा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले पाहिजे. सुरू होताना थोडा धूर आला तर घाबरण्याचे कारण नाही, पण गाडी गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, आणि पांढरा धूर थांबत नसेल व रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगवर) संशय घ्यावा. ऑइलची काठी काढून पाहावी. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असणारच, त्यावरून कोणी गाडी नाकारू नये; ते दुधाळ दिसले तर मात्र तिथूनच परतावे.

त्यानंतर चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तिथून अगदी थोडी वाफ येणे चालते, पण झाकण उडू पाहत असेल आणि धुराचे भपके येत असतील तर आमच्या भाषेत गाडी ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. हे लपवण्यासाठी काही जण विक्रीच्या आठवड्यात जाड ऑइल भरतात, म्हणून नुसत्या आवाजावर विसंबू नये.

गाडी रिकामी चालवून पाहणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मालवाहू गाडी मालासकट पाहायची असते. टनभर वजन टाकून चढावर न्यावी, म्हणजे क्लच घसरतो का ते कळते. उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडावा, म्हणजे गिअर आपोआप निसटतो का आणि मागच्या चाकांमधल्या हाउसिंगमधून हुंकारल्यासारखा आवाज येतो का, ते कळते. तो आवाज क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दात्यांच्या जोडीचा, असतो आणि ते काम स्वस्त नाही. पुढे पाटे असलेल्या गाडीत पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. तरीही खेळ राहिला तर दोष किंगपिनमध्ये (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यात) आहे, नाहीसा झाला तर बेअरिंगमध्ये.

शिवारफेरी यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. किलोमीटर विचारावेत, फक्त मीटरला विचारू नयेत. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर ५० हजार दाखवत असेल, तर दोघांपैकी एक खोटे बोलते आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे.

दूधकेंद्र (फलटण)

आमच्या महिला बचत गटाने दूध संकलनासाठी गाडी घेतली, आणि ती यांत्रिकदृष्ट्या उत्तम निघाली. एका ओळखीच्या मेकॅनिकने पूर्ण दिवस घालवून ती तपासली होती. आमची फसगत झाली ती कागदांत.

गाडी एका दलालामार्फत आली. त्याच्याकडे मालकाने सही केलेले कोरे नमुना २९ आणि नमुना ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) होते, आणि ‘पैसे द्या, गाडी न्या, नाव नंतर लावून घेऊ’ असे त्याने सांगितले. आम्ही पैसे दिले. आरसी पुस्तकावर एका वित्तसंस्थेचा बोजा होता; कर्ज फिटले असल्याचे दलालाने तोंडी सांगितले, आणि प्रत्यक्षात शेवटचे चार हप्ते थकलेले होते. ते आम्ही भरले. त्यानंतर संस्थेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मिळाला, परंतु तोपर्यंत मूळ मालक कामासाठी सुरतेला निघून गेला होता आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्याकडून मिळवणे हे आमच्या गटातील एका भगिनीचे जवळजवळ पूर्णवेळ काम झाले. दरम्यान कोणीतरी सुचवले म्हणून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहिला, तर ११ ई-चलन थकलेली दिसली. गाडी नावावर व्हायला सात महिने लागले, आणि ते सात महिने प्रत्येक नाकाबंदीला आमच्या चालकाच्या पोटात गोळा येत असे.

आता आम्ही दुसरी गाडी घेतली, तेव्हा आधी कागद पाहिले. आरसीवरील चेसी क्रमांक आणि चेसीवर कोरलेला क्रमांक आम्ही कागद ठेवून पेन्सिल घासून ताडून पाहिला. फिटनेस, म्हणजे गाडीच्या योग्यतेचे प्रमाणपत्र, किती काळ शिल्लक आहे ते पाहिले, कारण मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग (फिटनेसची तपासणी) करावे लागते, आणि ८ वर्षे पूर्ण झाली की पर्यावरण कराचाही खर्च येतो. मालवाहतुकीच्या परवान्याचेही विचारले. एकूण भारित वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, म्हणून छोट्या हत्तीला तो प्रश्न येत नाही, पण मोठ्या पिकअपला येतो. उरलेली एक तृतीयांश रक्कम आम्ही नाव लागल्यावरच देऊ, असे लिहून घेतले. मालक आधी नाराज झाला आणि मग स्वतःच आमच्याबरोबर आरटीओत आला.

वर्धेकर जुना मालक

वरचा अनुभव वाचून विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मी कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी दिली आणि विसरून गेलो. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या घरी आली, कारण गाडी तोपर्यंत तिसऱ्या माणसाकडे गेली होती आणि नोंद माझ्याच नावावर होती. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय दाखवला, ज्यात नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, असे स्पष्ट म्हटले आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले. घेणाऱ्यांनी एवढेच समजून घ्यावे की जो मालक नाव लावण्याची घाई करतो तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नसतो.

पार्सलवाला (भोसरी)

१ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) गाडी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. धुराड्यातील काजळीचा फिल्टर लांब पल्ल्यावर, गाडी पुरेशी तापल्यावर स्वतःला साफ करतो. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या शहरी गाडीत तो तुंबतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तो आतून पोकळ करून वर डबा तसाच ठेवला होता. त्यामुळे गाडी छान पळत असे, पण पुढच्या पीयूसीला (धुराच्या तपासणीला) सगळे उघडे पडले. डॅशबोर्डवरचे दिवे किल्ली फिरवल्यावर लागतात आणि मग विझतात की नाही, ते पाहा (न लागणारा दिवा हा विझलेला दिवा नसतो, तो काढलेला असू शकतो), आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, ते पाहा.

गोदाकाठ (परभणी)

हौद्याच्या कोपऱ्यातील सांधे खरवडून पाहावेत. माझ्या गाडीत तिथून वाळू निघाली, आणि महिनाभराने कळले की ती गाडी चोरट्या वाळू वाहतुकीसाठी आधी दोनदा तहसीलमध्ये अडकवलेली होती व दंडाचे एक प्रकरण अजून बंद झालेले नव्हते. आरसीवर यातले काहीही लिहिलेले नसते. गावात जाऊन चहाच्या टपरीवर विचारले असते तर पाच मिनिटांत समजले असते.

सावंतवाडीकर

गोवा पासिंगची (गोव्यात नोंदलेली) गाडी आमच्याकडे दिसायला स्वस्त पडते. पण तिच्यासाठी तिथल्या आरटीओचा नमुना २८ मधील ना हरकत दाखला, इकडचा कर आणि नवा क्रमांक, हे सगळे धरून हिशोब करा. माझी बचत त्यातच संपली, आणि वर म्हापशाच्या चार फेऱ्या झाल्या.

कराडची वाट

धागा सुरू झाला तेव्हा मी गाडी शोधत होतो आणि इथले वाचत होतो. काल २०१७ ची दोस्त घेतली. ती एका बेकरीची होती, दररोज पहाटे पाव आणि खारी वाहणारी. शिवारफेरी यांचा प्रश्न विचारला तेव्हा मालकाने ट्रेचा आकडा सांगितला आणि हिशोब ४०० किलोच्या पुढे गेला नाही. मागच्या पाट्यांवर कारखान्याचा रंग अजून शिल्लक होता. मॅट उचलली, हातोडी मारली, सकाळी साडेसहाला थंड इंजिन सुरू करून पाहिले. माझा हा खटाटोप पाहून मालकाच्या आईने ‘मुलगी बघायला आलाय का?’ असे विचारले. क्लच संपत आला आहे, ते दोघांनाही मान्य होते आणि तेवढे पैसे कमी केले. दोघांनी आरटीओत एकत्र अर्ज केला, आणि विम्याच्या हस्तांतरासाठी १४ दिवसांची मुदत असते म्हणून ते कागदही त्याच दिवशी दिले. एवढे सगळे पाहूनही स्टेपनी पाहायची राहिलीच. घरी येऊन पाहिले तर तिची जागा रिकामी होती. मालकाला फोन केला, तेव्हा ती बेकरीच्या भट्टीमागे ठेवलेली असल्याचे त्याला आठवले. रविवारी आणायला जाणार आहे.