मदत हवी आहे: डीटीटीनंतर (कफ विरघळवणारं रसायन) कफात आयएल-५ (इओसिनोफिल वाढवणारं प्रथिन) सापडत नाही

तीव्र दम्याच्या कफावर काम करणाऱ्यांनो, जरा सांगा. लाळ टाळून घट्ट गाठी चिमट्याने वेचायच्या, वजनाच्या चौपट ०.१ टक्के डीटीटी, १५ मिनिटं हलवून ४८ मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं, एवढं नेहमीचंच. स्लाइडवर इओसिनोफिल (दम्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३ टक्क्यांच्या बरेच वर, तरी एलायझात (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी) आयएल-५ जवळजवळ शून्य! आयएल-५ च्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या. डीटीटी नेमके तेच तोडतं, म्हणून अँटिबॉडीला ते ओळखू येत नसावं. (कफातली प्रोटिएझं, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, तीही आहेतच.)

आधी आठपट पीबीएस (क्षारांचं साधं बफर द्रावण) घालून, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव वेगळं काढायचं आणि डीटीटी फक्त पेशींना, असं कोणी करतं का? इतकं पातळ झाल्यावर आयएल-५ किटच्या मर्यादेखाली जात नाही? माहीत प्रमाणात आयएल-५ मिसळून परत किती मिळतं हे कोणी तपासलं असेल, तर आकडे हवेत.