मदत हवी आहे: जॅक रसेल जातीचा कुत्रा अंगण उकरतो, हाकेला येत नाही

११ महिन्यांचा नर, वजन ६ किलो, केस राठ. दिवसातून दोनदा २०-२० मिनिटं फिरवतो. तरी अंगणभर खड्डे, कुंपणाखालून पळायची धडपड. मांजर दिसलं की हाक ऐकूच येत नाही. तोंडातलं काही काढायला गेलं की गुरगुरतो. केस मशीनने बारीक करावेत का?

प्रतिसाद १
तो खोड्या काढत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रसेल या पाद्र्याने ही कुत्री कोल्ह्याला बिळातून हुसकायला तयार केली. बिळात मालक दिसत नाही, काय करायचं ते कुत्र्यानेच ठरवायचं. त्यामुळे उकरणं बंद पाडायच्या मागे लागू नका, त्याला जागा द्या. मीटरभर लांब-रुंद आणि ४० सेंमी खोल खड्ड्यात वाळूमिश्रित माती भरा. पहिल्या दिवशी खाऊ वरच ठेवा, मग अर्धवट पुरा, मग १०-१५ सेंमी खाली. दुसरीकडे उकरायला लागला की न ओरडता तिथे बोलवून न्या.

कुंपणाच्या आतल्या बाजूला तारेची जाळी काटकोनात वाकवून ४५ सेंमी आडवी पुरा. कुत्रा कुंपणाच्या अगदी कडेला उकरतो, तिथे पंजाला जाळी लागते. उभी जाळी उथळ असेल तर तो तिच्या खालून जातो.

४० मिनिटं त्याला कमी पडतात. तासभर तरी चालवा, त्यात मनसोक्त हुंगू द्या. एका वेळचं जेवण गवतात विखरून शोधायला लावा. सतत चेंडू फेकल्याने तो दमण्याऐवजी जास्त चेकाळतो.

प्रतिसाद २
हाकेसाठी १० मीटरची दोरी हार्नेसला (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा, गळपट्ट्याला कधीच नको. धावत सुटला तर मानेला जबर हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका. "ये" हा शब्द आता वाया गेलाय, नवा निवडा. आला की दहापैकी नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळा सोडा. हाक म्हणजे मजा संपली, असं त्याच्या डोक्यात बसलं की तो येणार नाही. मांजर समोर असताना हाका मारू नका, दोरीवर पाय ठेवा आणि आधी अंतर वाढवा. पूर्ण मोकळा फक्त बंद आवारात.

गुरगुरण्यावर रागावू नका, इशारा देणं सोडून तो थेट चावेल. तोंडातली वस्तू सोडवायला त्याहून आवडता खाऊ द्या आणि शक्य असेल तेव्हा वस्तूही परत करा.

प्रतिसाद ३
मशीन नको! राठ केस मेले तरी बरेचसे मुळाशी अडकून राहतात. कापले की मेलेलं मूळ आतच राहतं, पोत मऊ होतो, रंग फिका पडतो. वर्षातून दोन-तीनदा हाताने उपटायचे. चिमटीत सहज सुटले तरच ते पिकलेले. कातडी ताणून धरा, केसांच्या दिशेने, थोडे थोडे. त्याआधी अंघोळ नको, केस निसटतात.

डोळा लाल, पाणावलेला, मिटलेला किंवा धुरकट दिसला तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या. या जातीत डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं, दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. मागचा पाय मध्येच उचलून उड्या मारत चालला तर गुडघ्याची वाटी तपासून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता
दोरी हार्नेसच्या छातीवरच्या कडीला बांधू की पाठीवरच्या?

प्रतिसाद २
पाठीवरच्या. पुढे बांधली तर पायांत अडकते आणि ताण बसताच तो गर्रकन वळून आपटतो.