मदत हवी आहे: आठवा महिना, रात्रभर तळहात-तळपायांना खाज, अंगावर मात्र काहीच दिसत नाही

रानजाई:

मैत्रिणींनो, जरा तातडीने सल्ला हवा आहे. माझं पहिलंच बाळंतपण, ३२ वा आठवडा चालू आहे. शुगर, बीपी, सोनोग्राफी, सगळं आतापर्यंत व्यवस्थित. मध्यंतरी तळपायांना खाज सुटायला लागली, मग तळहातांना, आणि आता पोटऱ्या, दंड, पोट, सगळीकडेच. दिवसा कामात असले की त्यातल्या त्यात बरं असतं. रात्री आडवं झालं की जे सुरू होतं ते पहाटेपर्यंत. डोळ्याला डोळा लागत नाही. काल केस विंचरायच्या ब्रशने तळपाय खाजवत बसले होते. सकाळी पाहिलं तर चादरीवर पायाशी रक्ताचे ठिपके.

पुरळ नाही, गांधी नाहीत, फोड नाहीत. जे ओरखडे आहेत ते माझ्याच नखांचे. बोटांच्या बेचक्यांत काही नाही, घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही, म्हणजे खरूज नसावी.

आतापर्यंत केलेले उपाय: खोबरेल तेल, कॅलामाईन, अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला. सासूबाईंना वाटलं पित्त उठलं असेल, म्हणून त्यांनी आमसुलं भिजवून ते पाणी हातापायांना चोळलं. बिचाऱ्या रात्री माझ्यासोबत जाग्या असतात. आई फोनवर म्हणते, पोट ताणलं की खाज येतेच, बाळाला जावळ भरपूर असणार बघ. पोटाचं एक वेळ पटतं. पण तळपाय कुठे ताणले जातात?

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. मागच्या तपासणीला खाजेचं सांगितलं तेव्हा "गरोदरपणात होतं असं, मॉइश्चरायझर लावा" एवढंच उत्तर मिळालं. पुढची तारीख अजून लांब आहे. तोवर थांबू का? स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जायचं की त्वचेच्या डॉक्टरांकडे? ॲलर्जीची गोळी चालते का? आणि मुख्य म्हणजे, रात्र काढायची कशी? जीव अगदी मेटाकुटीला आलाय.

चाफा:

रानजाई, तारखेची वाट बघू नकोस. उद्या सकाळीच जा. माझ्या धाकट्या बहिणीला अगदी हेच झालं होतं, तळहात-तळपाय, रात्री जास्त आणि अंगावर काही नाही. तिचं निदान लिव्हरशी संबंधित निघालं. रक्ताची तपासणी करून घे. लघवी गडद पिवळी होते का, शौचाचा रंग फिका पडलाय का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो का, हे दिवसाच्या उजेडात बघून ठेव. डॉक्टर विचारतील.

उंबर:

माझ्या बायकोला नवव्या महिन्यात भयंकर खाज होती, पण तिची तऱ्हा वेगळी होती. पोटावरच्या ताणाच्या वळांमध्ये लाल बारीक पुरळ आलं आणि तिथून मांड्यांवर पसरलं. बेंबीभोवतीचा भाग मात्र स्वच्छ. त्वचारोगतज्ज्ञांनी एका नजरेत ओळखलं, म्हणाले पहिल्या खेपेला आणि जुळ्यांच्या वेळी हे जास्त दिसतं, बाळाला काही धोका नाही. सौम्य स्टिरॉइडचं मलम दिलं आणि बाळंतपणानंतर ते पुरळ गेलंसुद्धा. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळत नाही, म्हणून मीही चाफा यांच्यासारखंच म्हणेन, तपासून घ्या.

एक कळकळीची विनंती. मेडिकलच्या दुकानातून खाजेची ट्यूब मागून आणू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं.

निशिगंध:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ग्रामीण भागात काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही हे आधी सांगते. पण शेवटच्या तिमाहीत पुरळाशिवाय खाज, तीही तळहात-तळपायांना आणि रात्री वाढणारी, असं कुणी सांगितलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते इंट्राहिपॅटिक कोलेस्टेसिस ऑफ प्रेग्नन्सीचं. बोलताना आयसीपी किंवा नुसतं कोलेस्टेसिस म्हणतात. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे, विशेषतः इस्ट्रोजेनमुळे, काही जणींच्या यकृतातून पित्तरस पुढे वाहण्याचा वेग मंदावतो. मग पित्तातली आम्लं रक्तात साठतात. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, त्यामुळे आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला गरोदरपणी अशी खाज होती का हे विचारा. जुळं असेल तर शक्यता वाढते.

दोन तपासण्या मागा: लिव्हर फंक्शन टेस्ट आणि सीरम बाइल ॲसिड, म्हणजे रक्तातल्या या पित्ताच्या आम्लांचं प्रमाण. पहिली गावातल्या लॅबमध्ये होते. दुसरी बहुतेक ठिकाणी रक्त घेऊन मोठ्या शहरात पाठवतात, रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून नमुना लवकर द्या. नुसत्या लिव्हर टेस्टवर समाधान मानू नका. एसजीपीटी (लिव्हर टेस्टमधला, यकृताला त्रास झाला की वाढणारा आकडा) फारशी वाढलेली नसतानाही बाइल ॲसिड वाढलेलं असू शकतं. उलट रिपोर्टमध्ये अल्कलाईन फॉस्फेटेज जास्त दिसलं तर घाबरू नका, ते गरोदरपणात वारेतूनही येतं आणि सगळ्याच जणींचं वाढतं. दोन्ही नॉर्मल आले आणि खाज तशीच राहिली, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. खाज आधी आणि रक्तातला बदल नंतर, असं बऱ्याचदा होतं.

आपल्याकडे यासोबत कावीळही तपासावी लागते. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला फार जड जातो. म्हणून डोळे पिवळे, सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर तारीख-बिरीख न बघता थेट दवाखाना गाठायचा. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तेच. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ॲलर्जीच्या गोळीबद्दल: क्लोरफेनिरामाईन किंवा सेटिरिझिन गरोदरपणात डॉक्टर देतात, पण या प्रकारच्या खाजेवर ती फारशी लागू पडत नाही. झोप मात्र थोडी येते. विचारून घ्या, मनाने घेऊ नका.

केवडा:

मी लेस्टरला असते. इथे माझं दुसरं बाळंतपण आयसीपीतच पार पडलं, त्यामुळे इथली पद्धत सांगते. ब्रिटनमध्ये साधारण १००० गरोदर स्त्रियांत ७ जणींना हे होतं. भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत प्रमाण याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे १.२ ते १.५ टक्के. माझ्या मिडवाइफने खाज म्हटल्याबरोबर त्याच दिवशी रक्त घेतलं ते यामुळेच.

इथल्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०२२ ची मार्गदर्शिका आकड्यांवर चालते. बाइल ॲसिड (मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये) १९ ते ३९ असेल तर सौम्य, ४० ते ९९ मध्यम, १०० किंवा त्याहून जास्त तर तीव्र. सौम्य असेल तर ४० व्या आठवड्यापर्यंत थांबतात, मध्यम असेल तर ३८ ते ३९ मध्ये प्रसूती करतात, तीव्र असेल तर ३५ ते ३६ मध्येच. माझा आकडा सौम्यच राहिला.

इंटरनेटवर या आजाराबद्दल वाचलंस तर पोटात बाळ दगावण्याचा उल्लेख पहिल्या ओळीत येतो आणि हातपाय गळतात. म्हणून हे नीट सांगते. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठा अभ्यास आला, त्यात एकाच बाळाच्या गरोदरपणात हा धोका आकडा १०० च्या वर गेल्यावर ठळकपणे वाढलेला दिसला, ३ टक्क्यांच्या थोडा वर. ४० च्या खाली तो ०.१३ टक्के आणि ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के होता. म्हणजे आकडा कळणं आणि तो पुन्हा पुन्हा तपासत राहणं, सगळं त्यावर आहे. ज्या रात्री मला हे समजावून सांगितलं गेलं त्या रात्री खाज तेवढीच होती, पण भीती उतरली होती.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तळपाय उजेडात धरून पाहिले, रक्त घेतलं. बाइल ॲसिडचा नमुना मुंबईला जाणार आहे. आईला विचारलं तर म्हणाली, तुझ्या वेळी मलाही शेवटी शेवटी हातापायांची आग व्हायची, मी पाय घमेल्यात बुडवून बसायचे. इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती. डॉक्टरांना लगेच फोन करून कळवलं.

रिपोर्ट येईपर्यंत रात्रीचं काय करू, तेवढं कुणीतरी सांगा.

केवडा:

थंडावा हाच खरा उतारा. मी झोपायच्या आधी पाय गार पाण्यात बुडवायचे, मग ओले न ठेवता टिपून मेंथॉल असलेलं क्रीम लावायचे. ते क्रीम फ्रिजमध्ये ठेव, लावल्याबरोबर जो गारवा मिळतो तेवढ्या वेळात झोप लागून जाते. गरम पाण्याची अंघोळ पूर्ण बंद कर. अंगावर घेताना कढत पाणी छान वाटतं आणि अर्ध्या तासात खाज दुपटीने येते. सैल सुती गाऊन घाल. नखं अगदी बारीक काप आणि खाजवण्याऐवजी ओला पंचा दाबून धर. दुपारी झोप मिळत असेल तर घे, घरच्यांनी काही म्हटलं तरी.

चाफा:

आमच्या बहिणीकडे शहाबादी फरशी होती. ती सतरंजी पोटापुरती घ्यायची आणि पाय उघड्या फरशीवर टेकवून डाव्या कुशीवर झोपायची. तिला क्रीमपेक्षा त्याने बरं वाटायचं. आणि तिचा नवरा तिच्याशी रात्री गप्पा मारत बसायचा. खाजेने माणूस चिडचिडा होतो, रडू येतं, त्यात तुझा काही दोष नाही. घरच्यांना हा धागा वाचायला दे.

कडुनिंबाचा पाला तूर्त थांबव. खाजवून सालटं निघालेल्या त्वचेवर झोंबतो. आणि कुणी काविळीचं म्हणून गावठी औषध, काढा, पाला पाजायला आलं तर ठाम नाही म्हण. बहिणीला एका नातेवाइकांनी आणून दिलं होतं. डॉक्टरांनी ते बघून फक्त एवढंच विचारलं, यात काय काय आहे ते सांगू शकाल? कुणालाच सांगता आलं नाही.

रानजाई:

रिपोर्ट आला. बाइल ॲसिड ४६, एसजीपीटी १३८. बिलिरुबिन नॉर्मल, कावीळ नाही, हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह. कोलेस्टेसिसच आहे म्हणाले. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि आकडा असाच राहिला तर ३८ व्या आठवड्यानंतर कळा आणायच्या, असं ठरलंय. प्रसूती तालुक्याला न करता जिथे नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे तिथे करायची, हेही त्यांनीच सुचवलं.

खाज आहेच. पण आता तिला नाव आहे आणि तिच्याशी काय करायचं ते माहीत आहे. निशिगंध, दोन शंका आहेत. या गोळीने बाळाचा धोका कमी होतो का? आणि एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची तपासणी) नॉर्मल आली तर निर्धास्त राहायचं का?

निशिगंध:

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. या गोळीचा ब्रिटनमध्ये ६०५ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, २०१९ साली निष्कर्ष आले. बाळाच्या बाबतीतले गंभीर परिणाम गोळीने कमी झालेले दिसले नाहीत, खाजही थोडीच कमी झाली. तरी काही जणींना चांगला फरक पडतो आणि औषध गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे, म्हणून आम्ही देतो. तुम्हाला एक-दोन आठवड्यांत उतार वाटला तर उत्तमच. नाही वाटला तर मनाने डोस वाढवू नका आणि बंदही करू नका.

एनएसटी त्या घडीला बाळ ठीक आहे एवढंच सांगते, पुढच्या दिवसांची हमी देत नाही. म्हणून बाळाच्या हालचालींकडे तुमचं लक्ष आणि दर आठवड्याचा आकडा, दोन्ही चालूच ठेवायचं. आकडा १०० कडे सरकला तर प्रसूतीची तारीख अलीकडे येईल, त्याची मनाची आणि बॅगेची तयारी आत्ताच ठेवा.

शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल तर ते सांगा. चरबी नीट पचत नसली की व्हिटॅमिन के कमी पडतं, रक्त गोठायला वेळ लागतो, आणि ते प्रसूतीआधी भरून काढता येतं.

बाळंतपणानंतर खाज सहसा काही दिवसांतच जाते. तरी दीड महिन्याने लिव्हर टेस्ट पुन्हा करा, ती नॉर्मलला आलीच पाहिजे. नाही आली तर यकृताच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. अंगावर पाजायला काही हरकत नाही. पुढे पाळणा लांबवण्यासाठी गोळ्या विचाराल तेव्हा हा आजार झाला होता हे सांगा, इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. पुढच्या गरोदरपणात हा पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे फाईल जपून ठेवा आणि पहिल्याच भेटीत दाखवा. बहीण असेल तर तिलाही सांगून ठेवा.

रानजाई:

लिहून घेतलं सगळं. शौचाला तसं होत नाहीये. धाकटी बहीण आहे, तिचं लग्न याच वर्षी झालंय. आजच फोन करते. पुढच्या रिपोर्टचा आकडा इथेच टाकेन.