आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून देशांतर्गत विमान गाठताना : सहकुटुंब अनुभव

जानेवारीत आम्ही मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागो आणि तिथून डे मॉइन असे परत जाणार आहोत. मी, नवरा, सात आणि तीन वर्षांची दोन मुलं, आणि पहिल्यांदाच अमेरिकेत येणाऱ्या सासूबाई. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे. शिकागोत उतरल्यापासून पुढचं विमान सुटेपर्यंत हातात दोन तास पाच मिनिटं. एजंट म्हणतो, "सिस्टिमने दिलंय म्हणजे पुरतं." नवरा म्हणतो, एजंट म्हणतोय तर असेल. मी एकटी असते तर मीही मान डोलावली असती. पण झोपेतून उठवलेलं मूल, गुडघ्यांनी बेजार सासूबाई आणि पाच जणांच्या बॅगा सिस्टिमला कुठे दिसतात?

मुलाबाळांना किंवा आईवडिलांना घेऊन असं विमान ज्यांनी गाठलंय, किंवा ज्यांचं सुटलंय, त्यांनी सविस्तर लिहा. शिकागोच हवं असं नाही. दिल्ली, मुंबई, कुठलंही चालेल.
– डेमॉइनची सून

रानजाई :
शिकागोचं सांगते, आम्ही दर दोन-तीन वर्षांनी याच वाटेने येतो. फ्रँकफर्टचं विमान टर्मिनल ५ ला लागतं. डे मॉइनचं बहुतेक १ किंवा २ वरून सुटेल. या दोन्हींच्या मध्ये इमिग्रेशन, बॅगांचा पट्टा, कस्टम्स, बॅगा पुन्हा सोपवणं, टर्मिनलांमधली छोटी ट्रेन आणि मग परत एकदा सिक्युरिटी, एवढं सगळं येतं. मुंबईत बॅगेला थेट डे मॉइनचा टॅग लावलेला असला तरी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा पाय ठेवाल तिथे बॅगा आपल्या हाताने उचलून कस्टम्सपार न्याव्याच लागतात. सासूबाईंना हे आधी सांगून ठेव, नाहीतर "अगं, त्या तर पुढे जाणार होत्या ना?" हे पट्ट्यापाशी दहा वेळा होईल.

बॅगा परत द्यायची जागा कस्टम्सच्या दाराबाहेर लगेच आहे, टॅग तोच चालतो, तिथे वेळ जात नाही. वेळ खातो तो पट्टा. मागच्या खेपेला इमिग्रेशन वीस-पंचवीस मिनिटांत आटोपलं आणि त्याहून जास्त वेळ आम्ही एका कारसीटसाठी ताटकळलो. कारसीट, स्ट्रोलर असलं सामान बऱ्याचदा पट्ट्यावर येतच नाही, मोठ्या सामानाच्या वेगळ्या दाराशी आणून ठेवतात. एकाने पट्टा बघायचा, दुसऱ्याने ते दार.

कामं आधीच वाटून घ्या. इमिग्रेशनला सगळे एकत्र लागतात. त्यानंतर नवरा बॅगांकडे, तू मुलांना घेऊन बाथरूमकडे. विमान खाली यायला लागलं की सीटबेल्टची खूण लागते आणि नेमकी तेव्हाच धाकट्याला शू लागते, म्हणून त्याआधीच एक फेरी मारून घे. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचा पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि चालू फोन हवा. सगळ्यांचे कागद एकाच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायची आपली पद्धत इथे पायात येते, कारण तो एकजण बॅगांकडे अडकला की बाकीचे जागचे हलू शकत नाहीत.

आणि हिशेब असा कर : गेट पंधरा मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे तुझे दोन तास पाच मिनिटं मुळात एक तास पन्नासच आहेत. फ्रँकफर्टहून विमान अर्धा तास उशिरा आलं की काय उरतं बघ. आम्हाला दाराला विमान लागल्यापासून टर्मिनल १ च्या गेटवर पोचायला साधारण दीड तास लागला होता, तोही धावपळ करून. मी असते तर तिकीट बदलून घेतलं असतं.

ह्यूस्टनचे काका :
सासूबाईंसाठी व्हीलचेअर आत्ताच नोंदवून ठेव. तिकिटावर ती विनंती चढलेली असली पाहिजे, ऐनवेळी मागून मिळेलच असं नाही. आमच्या सौ.ना पहिल्या खेपेला फार राग आला होता. "मी काय पांगळी आहे? रोज पर्वती चढते मी!" शेवटी मी म्हटलं, खुर्ची तुझ्यासाठी नाहीच, रांगेसाठी आहे. मग बसल्या. ढकलणारा माणूस सराईत असतो, कोणती लिफ्ट, कोणतं दार हे त्याला पाठ असतं, आणि कुटुंबातल्या माणसांना सहसा सोबत घेतो. इमिग्रेशन अधिकारी काय विचारेल याची तालीम मात्र घरीच करा. कुठे राहणार, किती दिवस, मुलगा काय करतो. मुलाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद पर्समध्ये वरच असू द्या.

नीलाक्षी :
काका, तुमचं बरोबर आहे, पण व्हीलचेअरची दुसरी बाजूही लिहिते. खुर्ची घेतली की विमानातून सगळ्यात शेवटी उतरायचं. आणि दाराबाहेर खुर्च्या कमी, माणसं जास्त असा प्रकार असला की तिथेच थांबायचं. भारतातून येणाऱ्या विमानांत खुर्ची मागणारे आजीआजोबा किती असतात हे आपल्याला माहीत आहे. एका मोठ्या विमानतळावर (नाव नाही लिहीत) आईबाबांसोबत आम्ही नुसत्या खुर्चीची वाट बघण्यात पाऊण तास घालवला. रांगेत जे वाचलं ते दारात गेलं. ज्यांना सावकाश का होईना चालता येतं त्यांच्यासाठी लांब थांबा आणि स्वतःचे पाय हेच मला जास्त खात्रीचं वाटतं.

पासपोर्टांबद्दलही. तुमचेही बहुधा आमच्यासारखेच असतील, मुलांचे अमेरिकन, आईवडिलांचे भारतीय. रांगेच्या तोंडाशी जो कर्मचारी उभा असतो त्याला सरळ विचारायचं. आम्हाला एकदा सगळ्यांना नागरिकांच्या रांगेत सोडलं, एकदा सगळ्यांना पाहुण्यांच्या. त्या माणसावर असतं ते, वाद घालण्यात अर्थ नाही. व्हिसावर येणाऱ्या सासूबाईंना तुमच्याबरोबरच ठेवा, एकटं दुसऱ्या रांगेत पाठवू नका.

गंपू :
घरात सगळे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असतील तर मोबाइल पासपोर्ट कंट्रोलचं सरकारी ॲप घ्या. फुकट आहे, पूर्ण कुटुंबाची माहिती एका फोनवरून भरता येते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

सुलभा, रॅले :
आम्ही या कटकटीतून वेगळीच पळवाट काढली. अबू धाबीमार्गे येतो. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढायच्या आधीच होतं. न्यूयॉर्कला उतरलो की देशांतर्गत प्रवासी जसे उतरतात तसे बाहेर, बॅगा थेट रॅलेला. नातू तीन वर्षांचा होता तेव्हा, झोपलेलाच खांद्यावर टाकून सून पुढच्या गेटवर गेली.

मात्र ही रांग अबू धाबीत लागते, म्हणून थांबा तिथे मोठा हवा. आधी पुन्हा सिक्युरिटी, मग अमेरिकन अधिकारी. तिथे तीन तासांच्या आत असेल तर मी घेत नाही. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननलाही हीच सोय आहे.

खवय्या :
खाण्याचं कोणीच लिहिलं नाही? अर्ध्या लोकांची विमानं त्यापायीच सुटतात. ताजा कढीपत्ता आणू नका. लिंबूवर्गीय झाडांवर पडणारी कीड त्यातून येते म्हणून अमेरिकेत तो बंद आहे, आणि बॅगेत सापडला तर शेतीखात्याच्या टेबलावर सगळी बॅग उलगडते. नियम कुठला मोडलाय यापेक्षा वेळ किती गेला ते मोजा. खाण्याच्या वस्तू आहेत का, या प्रश्नाला हो म्हणा. "हो, लाडू, चकल्या, मसाले" म्हटल्यावर आम्हाला बहुतेक वेळा नुसतं पुढे जा म्हणून सांगितलंय.

दुसरं, हातातल्या पिशवीत भाजणी, मेतकूट, नाचणीचं पीठ ठेवू नका. साडेतीनशे मिलीलिटरहून जास्त पावडर असली तर सिक्युरिटीला ती वेगळी तपासावी लागते, आणि ही सिक्युरिटी तुम्हाला शिकागोत पुन्हा ओलांडायची आहे. लोणचं आणि तूप त्यांच्या लेखी द्रवच, शंभर मिलीलिटरच्या वर गेलं की कचऱ्यात. वाटेत ड्यूटी फ्रीमधून बाटली घेतली असेल तर बॅगा परत सोपवायच्या आधी ती मोठ्या बॅगेत सरकवा. बाळाचं दूध आणि औषधं याला अपवाद आहेत, पण ट्रेमध्ये बाहेर काढून ठेवून आधीच सांगायचं.

औरंगपुरा :
मी उलट दिशेचं लिहितो. भाऊ दर उन्हाळ्यात कुटुंबासह येतो, मुंबईला उतरून पुढे संभाजीनगर. एका वर्षी त्याने मुंबईपर्यंतचं एक आणि पुढचं वेगळं अशी तिकिटं काढली, स्वस्त पडली म्हणून. आता हिशेब बघा. आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, चार माणसं, म्हणजे १८४ किलो. देशांतर्गत तिकिटावर माणशी १५, म्हणजे ६०. राहिलेल्या १२४ किलोंचे पैसे काउंटरवर ऐकून वहिनी खालीच बसली. एकाच तिकिटावर असतं तर आंतरराष्ट्रीय मर्यादा शेवटपर्यंत चालली असती.

त्यात मुंबईत टर्मिनल २ आणि टर्मिनल १ या चांगल्याच लांब जागा आहेत, एक सहारला, एक सांताक्रूझला. मध्ये रस्ता, सिग्नल, पावसाळ्यात पाणी. पुढचं विमान टर्मिनल २ वरूनच आहे ना, हे तिकीट काढताना बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. बॅगांचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. त्यामुळे तीन तासांचा थांबा असला तरी तुमच्या हातात दोनच, आणि त्यात इमिग्रेशन, पट्टा, कस्टम्स.

२०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून भाऊ हे सगळं सोडून मोठी गाडी करून येतो. मुलं मागे झोपतात, बॅगा मोजायला कोणी नसतं. पुणेकरांना हा सल्ला द्यायची गरज नाही, ते आधीपासून तेच करतात.

वर्धा रोड :
नागपूरसाठी दिल्लीहून यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान घेऊच नका भाऊ. धुक्यात तुमचं येणारं विमान जयपूरला नेऊन उतरवतात आणि पुढचंही लटकतं. एकाच तिकिटावर असाल तर निदान पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळ्या तिकिटांवर असाल तर तुम्ही आलेच नाहीत असं धरून पैसे बुडतात, आणि परतीचंही त्याच तिकिटात असेल तर तेही रद्द होऊ शकतं. हे खूप जणांना माहीत नसतं.

दिल्लीत पुढचं विमान टर्मिनल ३ वरूनच असेल तर काम तसं सोपं आहे, कस्टम्सनंतर तिथेच बॅगा देता येतात. टर्मिनल १ असेल तर बाहेर पडून बस किंवा टॅक्सी, आणि आत शिरताना दारावर पुन्हा सगळ्यांची ओळखपत्रं. आमच्या ह्यांनी ते फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचं २०२४ मध्ये निघालं तेव्हा हौसेने नाव नोंदवलं. फक्त स्वतःचं. हे पाच मिनिटांत पलीकडे आणि मी दोन लेकरं घेऊन अलीकडे. तिकडून हात करत होते!

दोहा किंवा शारजाहून थेट नागपूरचं विमान तुमच्या तारखेला असेल तर मात्र हा सगळा मजकूर सोडून द्या आणि ते घ्या.

पॅरामाटाची मावशी :
सिडनीहून कॅनबेरा किंवा ब्रिस्बेनला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय टर्मिनल १ आणि देशांतर्गत २-३ ही धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत, चालत जाता येत नाही. ट्रेनने एकच स्टेशन, पण तिकीट महाग. इथली खरी अडचण पेढे. दुधाची मिठाई, बर्फी, रसगुल्ले इथे आणता येत नाहीत. कार्डावर लिहिलंत तर काढून घेतील आणि सोडतील, लपवलंत तर जागीच दंड. दिवाळीनंतर येणाऱ्या प्रत्येक विमानात एक तरी कुटुंब त्या टेबलाशी उभं दिसतं.

रानजाई :
विमान सुटलंच तर काय, हे राहिलं होतं. धावत गेटवर जाऊन रडवेलं होण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये बघा, बरेचदा नवं तिकीट आपोआप लागलेलं असतं. पण पाच जणांना एका विमानात जागा सहसा नसते, मग दोन आणि तीन असे फोडतात. काउंटरवर आधी ठरवून सांगा कोण कोणाबरोबर, नाहीतर यंत्र सासूबाईंना एकटं रात्रीच्या विमानात टाकेल. आमच्या बाबतीत बॅगा आमच्या आधी पोचल्या होत्या.

डेमॉइनची सून :
सगळ्यांचे आभार. काल एजंटला परत फोन केला. त्याच दिवशी संध्याकाळचं डे मॉइनचं विमान आहे, थांबा साडेपाच तासांचा होतोय, त्याच भाड्यात. नवरा म्हणतो, साडेपाच तास तीन वर्षांच्या पोराला घेऊन विमानतळावर बसून तू दाखव. बसेन. व्हीलचेअर नोंदवली आहे, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आणि खवय्या, वाळवलेला कढीपत्ता चालतो का? त्यांनी एक किलो वाळत घातलाय.

खवय्या :
घरी ठेवायला सांगा. चालतो की नाही हे टेबलापलीकडचा माणूस ठरवणार, आणि तो ठरवेपर्यंत तुमचे साडेपाच तास सुरू झालेले असतील.