अनुभव धागा : तुमच्या घरचा एलईडी दिवा गुणगुणतो का?

चार दिवस झाले, रात्री सगळं सामसूम झालं की देवघरातून भुणभुण ऐकू येते. आई म्हणाली, भुंगा शिरलाय. स्टुलावर चढून कान लावला, तर ९ वॅटचा बल्ब! उजेड नीट पडतोय. आमचं घर रामबागेतलं, जुनं, वायरिंगही जुनंच. बल्ब राहू द्यावा की काढावा? इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा.

लोकमान्यनगरकर : आमच्या हॉलमध्ये पिवळ्या बल्बच्या काळातला डिमर होता, उजेड कमी-जास्त करायचं फिरतं बटण. त्यावर एलईडी लावला. डिमर निम्म्यावर आणला की गुर्रऽऽ, पूर्ण फिरवला की गप्प. खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलंच होतं, डिमरवर वापरू नये म्हणून. वाचतो कोण! आता साधं बटण आहे.

जुना वायरमन : आवाज उजेड देणाऱ्या चिपचा नसतो. बल्बच्या बुडाशी ड्रायव्हर असतो, तो २३० व्होल्टची एसी वीज चिपला चालेल अशी करतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्यातली कॉइल आणि कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा किंचित थरथरतात. डिमर प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, मग हिसके बसतात आणि आवाज वाढतो. छतातल्या चपट्या पॅनल दिव्याचा पत्रा सैल असेल तर विचारूच नका. एकसारखी, बारीक गुणगुण असेल तर घाबरू नका. तडतड असेल तर मात्र मेन बंद करा.

गच्चीवाली : तडतडीचं मी सांगते. मागच्या पावसाळ्यात गॅलरीतला दिवा मधूनच तडतडायचा, लुकलुकायचा. बल्ब बदलला, तरी तेच. आठवड्यानं प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास आला. वायरमननं होल्डर उघडून तळहातावर ठेवला. आतली एक पिन काळी पडलेली, तिची स्प्रिंग लुळी आणि भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. "भाभी, बल्ब बिचारा बेकसूर है," म्हणाला. सैल जोडावर ठिणगी पडत होती. मी विचारलं, जास्त करंट गेला की आपोआप पडणारं ते बटण, एमसीबी, का नाही पडला? तर म्हणे, दिवा घ्यायचा तेवढाच करंट घेतोय, एमसीबीला काय कळणार! होल्डर बदलला, वायरचं जळकं टोक कापून नवीन सोललं. तेव्हापासून घरात कुठे तड वाजलं की मी आधी नाक लावते.

सुदामानगर : आमच्या पॅनलची टकटक दिवा लावल्यावर आणि विझवल्यावर पाचेक मिनिटंच असते. तापून पत्रा पसरतो, गार झाला की आकसतो. एकदा मात्र खरंच पाल निघाली.

आजोबा : ट्यूबलाइटच्या गुणगुणत्या चोकखाली आमच्या तीन पिढ्या झोपल्या. तेव्हा कुणी धागे नाही काढले!

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार, आजोबांचेही. आज मेन बंद करून देवघरातला बल्ब स्वयंपाकघरात लावला आणि तिथला इकडे. देवघर शांत झालं, आवाज बल्बाबरोबर गेला. म्हणजे होल्डरचा दोष नाही. तरी गच्चीवालीचं वाचून होल्डर बघितलाच. पिना चकचकीत, स्प्रिंगा ताठ. गॅरंटी शिल्लक असावी, बिल शोधतोय. आई म्हणते, भुंगा स्वयंपाकघरात गेला.