रुग्णसाहित्य केंद्रासाठी अनुदान : परिचारिकेचे मानधन कोणत्या निधीतून मिळू शकेल?

प्रश्न : चिटणीसबाई, इंदूर

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या पश्चिम भागात आमची एक छोटी संस्था आहे. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली तिची नोंदणी होऊन नऊ वर्षे झाली. एका सभासदाचे वडील गेल्यावर त्यांचा फाउलर पलंग (डोक्याकडचा आणि पायांकडचा भाग वर-खाली करता येणारा), चाकाची खुर्ची आणि वॉकर घरात पडून राहिले होते. ते गल्लीतल्याच एका घरी दिले आणि तेथून आमचे रुग्णसाहित्य केंद्र सुरू झाले. आज आमच्याकडे अकरा पलंग, बऱ्याच चाकाच्या खुर्च्या, कमोड खुर्च्या, एअर मॅट्रेस (अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा खेळवणारी गादी) आणि दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. अनामत घेऊन साहित्य देतो, भाडे नाममात्र असते आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांना माफ करतो.

अडचण साहित्य घरी पोचल्यानंतरची आहे. पलंग येतो, पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवायचे, हे घरच्यांना कोणी दाखवलेले नसते. गेल्या पावसाळ्यात एका आजींसाठी एअर मॅट्रेस दिली होती. महिन्याने आम्ही सहज चौकशीला गेलो, तेव्हा पंप भिंतीशी बंद करून ठेवलेला होता, कारण त्याच्या घरघरीने सुनेला आणि नातवंडांना झोप येत नसे. आणि आजींच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम झालेली होती. त्या दिवसापासून आम्ही एका निवृत्त परिचारिकेला आठवड्यातून तीन दिवस घरभेटींसाठी बोलावतो. त्यांचे मानधन आणि रिक्षाभाडे सभासदांच्या वर्गणीतून निघते, पण आता ते झेपत नाही.

अनुदानासाठी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी एकच सांगितले की पलंग मागा, हसत मिळतील. माणसाचा पगार कोणी देत नाही. कार्यकारिणीतही काहींचे मत असेच आहे की मिळताहेत तर आणखी दहा पलंग मागून घ्यावेत. माझे मन घेत नाही. आमच्याकडे प्राप्तिकराच्या 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला सवलत) या दोन्ही नोंदण्या आहेत, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांकही आहे. एका कंपनीकडे अर्ज केला होता, तो परत आला, कारण सोबत जोडलेला ठराव मराठीत होता आणि तेथे तो कोणाला वाचता येईना. परिचारिकेसाठी पैसे मागण्याचा काही मार्ग आहे का, की पलंगच मागावेत?

उत्तर : जुना खजिनदार

बाई, तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धा खरा आहे. खासदार निधीपुरता तो पूर्ण खरा आहे. खासदाराच्या नावे वर्षाला 5 कोटी रुपये असतात असे आपण म्हणतो, पण पैसे खासदार वाटत नाही; तो केवळ शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते, आणि ही योजना मुळात टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. आवर्ती खर्च तिच्यात बसत नाही. तेथे मानधनाचा अर्ज घेऊन जाण्यात वेळ घालवू नका.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अटल वयो अभ्युदय योजना मात्र पाहा. ज्येष्ठांसाठीच्या तिच्या घटकात वृद्धाश्रमांबरोबरच फिरते वैद्यकीय पथक आणि फिजिओथेरपी केंद्र यांच्या चालू खर्चाला अनुदान मिळते, आणि त्यात कर्मचाऱ्यांचे मानधन येते. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर करावा लागतो. तुमचे काम या साच्यात जसेच्या तसे बसत नाही. बसवायचे तर फिजिओथेरपी केंद्र काढावे लागेल, आणि तेवढ्यासाठी ते काढावे असे मी सुचवणार नाही.

कारण आम्ही एकदा तसे केले. कार्यालयाचे नाव घेत नाही. मंजुरीपत्र श्रावणात हाती आले, पहिला हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर जमा झाला, आणि 31 मार्चपूर्वी खर्च दाखवा असे पत्र त्याच्या पाठोपाठ आले. मधले सात महिने फिजिओथेरपिस्टचे मानधन आम्ही चार सभासदांनी घरून दिले. पुढच्या हप्त्यासाठी जीएफआर 12-ए या सरकारी नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला हवा होता, आणि तो द्यायला आमच्याकडे पूर्ण खर्चच झालेला नव्हता. शासकीय अनुदानाच्या वाटेला जायचे असेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असावा. नसेल तर जाऊ नये.

उत्तर : हिशेबतपासनीस

मी सनदी लेखापाल आहे आणि शहरातील काही छोट्या संस्थांचे हिशेब पाहतो. «माणसाचा पगार देत नाहीत» या समजुतीचे मूळ मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची नक्त मत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते; यालाच सीएसआर म्हणतात. नियमांत प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेला ती लागू नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी होणारा खर्च हा प्रकल्पाचाच खर्च असतो. तुमची परिचारिका घरी जाऊन जखम पाहते, घरच्यांना रुग्ण वळवायला शिकवते, तेव्हा तेच तुमचे काम आहे. तरीही पुष्कळ संस्था अंदाजपत्रकात «वेतन व प्रशासन» अशी एकच ओळ घालून तीत परिचारिका, कारकून आणि विजेचे बिल एकत्र टाकतात, आणि समोरचा अधिकारी 5 टक्क्यांवर पेन ठेवतो. परिचारिकेची ओळ «गृहभेट सेवा» या मथळ्याखाली, भेटींच्या संख्येसह वेगळी दाखवा. कारकुनाची लबाडीने त्यात घुसवू नका, ती दिसते.

आता कागद. 12ए आणि 80जी असूनही सीएसआर-1 हा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा नमुना भरून क्रमांक घेतल्याखेरीज 1 एप्रिल 2021 पासून कोणतीही कंपनी तुमच्यामार्फत हा निधी खर्च करू शकत नाही. तो नमुना आधी भरून घ्या. तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. रजिस्ट्रार, फर्म्स व सोसायटीज यांच्याकडे सोसायटी अधिनियमाच्या धारा 27 खालची कार्यकारिणीची यादी आणि धारा 28 खालचे लेखापरीक्षण दरवर्षी गेले आहे ना, हे स्वतः पावत्या काढून पाहा. «वकिलांनी केले असेल» असे समजणाऱ्या संस्थांची तीन-तीन वर्षे राहिलेली मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. साहित्यासाठी घेतलेली अनामत तुमच्या ताळेबंदात कोठे आहे? रुग्णसाहित्य केंद्र चालवणाऱ्या संस्था ती बहुधा उत्पन्नात धरतात. ती परत करायची रक्कम आहे, म्हणजे देणे आहे. उत्पन्नात धरली की आकडा फुगतो, करमाफीसाठी उत्पन्नाच्या 85 टक्के खर्च दाखवण्याचे बंधन फुगलेल्या आकड्यावर येते, आणि ताळेबंद वाचणाऱ्याला वाटते की या संस्थेकडे पैसा पडून आहे.

ठराव मराठीतच राहू द्या. ज्या भाषेत सभा होते त्याच भाषेत वही लिहावी. प्रतीसोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडून त्यावर अध्यक्ष आणि चिटणीस यांनी «मूळ ठरावाबरहुकूम» अशी सही करावी. वही हिंदीत नव्याने लिहून काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका.

उत्तर : सुरसागरकाठचा, वडोदरा

आमच्याकडे न्यासाची नोंदणी चॅरिटी कमिशनरकडे असते, एवढा फरक सोडला तर ठरावाचे दुखणे अगदी हेच. आम्ही मराठी ठरावाला गुजराती अनुवाद जोडतो. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

उत्तर : पीथमपूरवाला

एका कारखान्याच्या सीएसआर विभागात मी आठ वर्षे काढली, म्हणून टेबलाच्या पलीकडली बाजू सांगतो.

पलंग चटकन का मिळतात, याचे उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. वर्षाची रक्कम खर्च झाली नाही आणि ती चालू प्रकल्पाची नसेल, तर आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती अनुसूची 7 मध्ये सांगितलेल्या एखाद्या शासकीय निधीत भरावी लागते. ते कोणत्याही संचालकाला आवडत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेल्या पैशांतून वस्तू घेतल्या जातात: एक बिल, एक ट्रक, एक छायाचित्र, आणि फाइल बंद. त्या दिवसांत दाराशी आलेल्या संस्थेला पलंग मिळतात आणि ती बिचारी समजते की कंपनीला पलंगच आवडतात. परिचारिकेसाठी यायचे तर दिवाळीनंतर लगेच या, पुढच्या वर्षाची आखणी त्या सुमारास सुरू होते. आणि एक वर्षाचे मागू नका. नियमांत «चालू प्रकल्प» म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचे काम मंजूर करता येते, आणि माणसाच्या मानधनाला तीच चौकट सोयीची असते.

कोणाकडे जावे, याचाही विचार करा. कारखान्यांचे पीथमपूर इंदूरला चिकटलेले वाटत असले तरी ते धार जिल्ह्यात आहे. कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे एवढेच आहे, सक्ती नाही. तरी कारखान्यांची मंडळे भोवतालच्या गावांपलीकडे सहसा पाहत नाहीत. त्यापेक्षा इंदुरातच मुख्य कचेरी असलेल्या मध्यम कंपन्या गाठा. 5 कोटींच्या आसपास नफा असेल तर तिचे बंधन 10 लाखांच्या आसपास येते, आणि 50 लाखांपर्यंत वेगळ्या सीएसआर समितीचीही गरज नसते, निर्णय संचालक मंडळच घेते. अशा ठिकाणी तुमच्यासारख्या संस्थेची मागणी त्यांच्या हिशेबात बसण्याजोगी असते. मोठ्या कंपनीला तीन लाखांचा प्रकल्प तपासण्याचाच कंटाळा असतो.

आणि छायाचित्रांचा अल्बम आणू नका, साहित्याची नोंदवही आणा. कोणता पलंग किती दिवस घराबाहेर होता, कोणाच्या अंगावर पहिल्या भेटीत जखम होती आणि सहाव्या भेटीत ती कशी होती, हे दोन रकाने भरलेले असतील तर मला दुसरे काही नको असे.

चिटणीसबाई

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही तिघी नोंदवही घेऊन बसलो. अकरा पलंगांपैकी दोन-तीन तर वर्षभर कधी ना कधी रिकामेच होते. उलट परिचारिकेसाठी थांबलेल्या घरांची नावे वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलेली सापडली. जखमेचा रकाना आमच्याकडे नाही, तो उद्यापासून आखतो. अनामतीबद्दल हिशेबतपासनीसांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले, ती उत्पन्नातच होती.

एक शंका राहते. सरकारी रुग्णालयातून घरी पाठवलेले पुष्कळ रुग्ण आमच्याकडे येतात. रोगी कल्याण समितीकडून काही मदत मागता येईल का?

उत्तर : छावणीकर

रोगी कल्याण समिती ही तर इंदूरचीच देणगी आहे. 1994 मध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला, रुग्ण इतरत्र हलवून सगळी इमारत साफ केली गेली, आणि पुढे ही व्यवस्था टिकावी म्हणून स्थानिक समितीने शुल्क आणि देणग्या गोळा करून रुग्णालयातच खर्च करण्याची पद्धत सुरू झाली. ती राज्यभर गेली आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर पोचली.

पण याच कारणाने तिचा पैसा त्या त्या रुग्णालयासाठी असतो, बाहेरच्या संस्थेला अनुदान देण्यासाठी नाही. पैसे मागू नका, कागद मागा. घरी सोडताना ज्यांना शय्याव्रणाचा (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा) धोका आहे अशा रुग्णांना तुमच्याकडे पाठवले जाईल, असे पत्र वॉर्डाच्या प्रमुखांकडून किंवा अधीक्षकांकडून मिळाले, तर कंपनीपुढे तुमच्या गरजेचा पुरावा तयार होतो. आमच्या भागातल्या संजीवनी क्लिनिकच्या डॉक्टरांनी असे पत्र एका संस्थेला दोन भेटींत दिले होते.

चिटणीसबाई

कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. सीएसआर-1 भरला आहे. अंदाजपत्रक असे केले आहे: गृहभेटींचे मानधन तीन वर्षांसाठी, प्रवासखर्च, मलमपट्टीचे साहित्य, आणि जुन्या साहित्याची दुरुस्ती. पलंग एकही नाही. ज्या काकांनी दहा पलंगांचा आग्रह धरला होता, त्यांनी सभेत शेवटी एवढेच विचारले की निदान आवाज न करणारे एअर मॅट्रेसचे चार पंप तरी घालणार ना. ते घातले आहेत. हिशेबतपासनीसांना विनंती : मसुदा येथे टाकू की व्यक्तिगत निरोपातून पाठवू?

हिशेबतपासनीस

निरोपातून पाठवा, आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंदही जोडा. अनामतीची दुरुस्ती आधी करू, मग अर्ज.