लेडी अ‍ॅग्न्यूची कॉपी करतेय, ओठ काही जमेनात

रंगवेडी: जॉन सिंगर सार्जंटच्या ‘लेडी अ‍ॅग्न्यू’ (१८९२) या चित्राची तैलरंगात कॉपी चालू आहे, फक्त चेहऱ्याची. ओठ चार वेळा पुसून काढले. मूळ चित्रातली बाई आरामात रेलून समोरच्याला जोखतेय. माझी मात्र लग्नाच्या स्टेजवर उभी, फोटोग्राफर ‘हसा’ म्हणालाय. रंग तर तेच मिसळलेत! चुकतंय कुठे?

जुना_ब्रश: तुमच्या कॉपीचा फोटो पाहिला. दोन ओठांमधली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच काळी ओढलीत, तिथेच सगळं बिनसलं. मधे गडद ठेवा, कोपऱ्यांकडे गालाच्या सावलीत विरू द्या. कोपरा स्पष्ट केला की हसू ठरून जातं. पुसट ठेवला की बघणारा स्वतःच ठरवतो. सार्जंटचे गुरू कारोल्यूस-द्युराँ हाफटोनवर, म्हणजे उजेड आणि सावलीच्या मधल्या छटांवर, भर द्यायचे, तो उगाच नाही. पांढरा रंग आठवडाभर कपाटात ठेवा, डोळे बारीक करून बघा. आणि कॅनव्हास मांडीवर घेऊन रंगवताय का? उठा, चार पावलं मागे जा. सार्जंट स्वतः सारखा मागे-पुढे करायचा.

थंडीतला_मराठी: मी हे चित्र एडिंबराला पाहिलंय, १२७ बाय १०१ सेंटिमीटर. छापील चित्रात पांढरा वाटणारा पोशाख तिथे पांढरा राहतच नाही. कमरेच्या पट्ट्याचा जांभळा, मागच्या चिनी रेशमी पडद्याचा निळा, सगळं त्यात उतरलंय. त्या गारव्यामुळे चेहरा उबदार दिसतो. तुम्ही मागे काय रंगवलंय? तपकिरी?

चित्रासाठी बसल्या तेव्हा बाई फ्लूनंतरच्या अशक्तपणातून पुरत्या सावरलेल्या नव्हत्या. अंग खुर्चीत सैल सोडलेलं, पण एका हाताने खुर्ची घट्ट धरलीय. नुसता चेहरा घेतलात तर तो हात हुकतो, आणि माझ्या मते अर्धा भाव तिथेच आहे.

रंगवेडी: तपकिरीच होतं 🙈 काल खरवडून निळसर केलं. ओठ न शिवताच रंग निम्मा सुधारला! मग कोपरे बोटाने पुसले. @जुना_ब्रश, हो, मांडीवरच. घर एवढंसं आहे, चार पावलं मागे गेलं की गॅसची शेगडी लागते. हसू गेलं, पण आता बाई जरा रागावल्यासारखी दिसतेय. उद्या भुवया बघते.